सर आणि हजेरीचं मैदान

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या गणेशोत्सवात नवीन मंडळी भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "तुम्ही काय करता?" बाकीच्यांची उत्तरं सोपी असतात. कुणी विजेच्या मोठ्या कंपनीत, कुणी हॉस्पिटलची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात, कुणी युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करतंय. माझं उत्तर ऐकलं की समोरच्याच्या हातातला वडा तोंडापर्यंत जायचा थांबतो. "मी महायुद्धाच्या काळातली छळछावणी दाखवते. लोकांना सकाळी घेऊन जाते, दिवसभर हिंडवते, संध्याकाळी परत आणते."  शेवटी एखादी धीट बाई विचारते, "पण म्हणजे... तिथे बघण्यासारखं काय असतं?"

एकोणीस वर्षं मी हे काम केलं. गेल्या हिवाळ्यात गुडघ्यांनी राजीनामा द्यायला लावला, म्हणून थांबले. त्या बाईंच्या प्रश्नाला मात्र अजून माझ्याकडे नीट उत्तर नाही. खरं सांगायचं तर बघण्यासारखं फारसं काही नसतं. एक फाटक, एक भलंमोठं मैदान, बराकी होत्या तिथे खडीचे लांबट चौकोन, प्रेतं जाळायच्या भट्टीची बुटकी इमारत, आणि कैद्यांच्या जुन्या स्वयंपाकघरात केलेलं संग्रहालय. बाकीचं सगळं गाइडनं बोलायचं असतं, किंवा योग्य जागी गप्प बसायचं असतं. गप्प बसणं जास्त अवघड. मी साताऱ्याची, आणि आमच्या माहेरी गप्प बसायचा सराव कुणालाच नव्हता.

साताऱ्यात मी शाळेत इतिहास शिकवत होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले तेव्हा माझ्या बी.एड.ची किंमत शून्य झाली. मूल मोठं होईपर्यंत जर्मन शिकले, मग स्मारकाच्या गाइडचा वर्षभराचा अभ्यासक्रम केला आणि परीक्षा दिली. स्मारकाला इथे गेडेंकश्टेटे म्हणतात. हा शब्द नीट उच्चारायलाच मला तीन महिने लागले.

या कामाची रीत बाहेरच्यांना थोडी विचित्र वाटते. "कल्पना करा, तुम्हीच कैदी आहात" हे वाक्य आम्ही चुकूनही म्हणत नाही. गरम कोट घालून, सकाळी अंडी खाऊन आलेल्या माणसाला ती कल्पना करता येत नाही, आणि आली असं त्याला वाटलं तर ते आणखी वाईट. गाइडनं रडायचं नाही, कारण गाइड रडली की लोक तिचीच समजूत काढायला लागतात आणि पुढची माहिती राहून जाते. मारणाऱ्यांपेक्षा मेलेल्यांबद्दल जास्त बोलायचं. ज्या मुख्य माणसानं हे सगळं उभारलं त्याचं नाव तर मी लागेल तेवढंच घेत असे. या लेखातही घेणार नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याची जाहिरात गरजेपेक्षा जास्त झालेली आहे.

माझ्याकडे येणारे मराठी पाहुणे बहुतेक कुणाचे तरी आईवडील किंवा सासूसासरे. तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेले. आल्प्स झाला, राजाचा किल्ला झाला, मुलाला आणि सुनेला ऑफिस आहे, मग "माधवीताईंबरोबर जाऊन या." येताना फॉइलमध्ये धपाटे आणि लसणाची चटणी. ही चटणी गाडीतच संपवा, असं मी हात जोडून सांगत असे. पण याच लोकांनी मला कधीकधी असं काही विचारलं, की अभ्यासक्रमात त्याचं उत्तर नव्हतं. नाशिकच्या एक आजी भट्टीच्या इमारतीबाहेर चपला काढून उभ्या राहिल्या. तिथला रखवालदार धावत आला. मी त्याला कसंबसं समजावलं. तोवर आजींनी माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "अगं, यांचं दिवसपाणी कुणी केलं का?" मी म्हटलं, "आजी, पुष्कळांचं करायला कुणी उरलंच नव्हतं." त्यावर त्यांनी डोळे मिटून हात जोडले. रखवालदारानं पुन्हा कधी कुणाच्या चपलांना हरकत घेतली नाही.

पण मला आज सांगायचंय ते सरांबद्दल.

आमच्या ओळखीचा निखिल इथे इंजिनीअर आहे. सर म्हणजे त्याचे वडील. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ते बावीस वर्षं हेडमास्तर होते. गाव त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही सरच म्हणते. सडपातळ, ताठ, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. त्यांची नात इरा पंधरा वर्षांची. इथेच जन्मली, मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये देते. नववीतल्या मुलांना इथे शाळेतून छावणी दाखवायला नेतात, तशी ती त्या वसंतात जाऊन आली होती. आजोबा आल्यावर तिनंच हट्ट धरला, की त्यांना तिथे न्यायचं आणि मी सोबत येणार. निखिल मला म्हणाला, "ताई, तिनं वर्गात आजोबांवर दहा मिनिटं भाषण, म्हणजे यांचं ते रेफेराट, दिलंय. माझे आजोबा रस्त्यानं निघाले की सगळं गाव उठून उभं राहतं वगैरे. फार अभिमान आहे तिला."

तो शनिवार होता, आणि माझ्याकडे इंग्रजीतून जाणारा मिश्र गट होता. वीसेक माणसं. फाटकाबाहेर लिंडेनचं एक झाड आहे, त्याखाली मी सगळ्यांना गोल उभं करत असे आणि एकेका वाक्यात सांगायला लावत असे, की तुम्ही कोण, कुठून आलात. माणसं जरा मोकळी होतात, असा माझा अनुभव होता. त्या दिवशी नेदरलँड्सहून आलेल्या एक सत्तरीच्या बाई होत्या. त्यांनी एवढंच सांगितलं, "माझे वडील इथे होते. ते परत आले." नंतर सरांची पाळी आली.

सर पुढे झाले. इंग्रजी त्यांचं चांगलं. नाव सांगितलं, गाव सांगितलं, रिटायर्ड हेडमास्टर म्हणून सांगितलं, आणि मग हसून, सगळ्यांकडे बघत म्हणाले, की माझी शिस्त इतकी कडक होती, की विद्यार्थ्यांनी मला टोपणनाव दिलं होतं. आणि त्यांनी ते नाव उच्चारलं. तेच. त्या माणसाचं.

आणि ते थांबले. गावी हे सांगितल्यावर नेहमी हशा होतो, तेवढ्या वेळापुरतं थांबले.

लिंडेनच्या झाडाखाली कुणीही हसलं नाही. डच बाई चार पावलं सरकून गोलाच्या पार दुसऱ्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. इरा आधी लाल झाली, मग पांढरी पडली. "पाइनलिश," ती पुटपुटली, म्हणजे लाज आणली. मग आजोबांचा हात सोडून सगळ्यांच्या मागे गेली.

माझ्या कानशिलांना आग लागली होती. अशा वेळी गाइडनं काय करायचं ते मला येत होतं. थांबायचं, त्या माणसाला मान देऊन विचारायचं, की हे नाव तुमच्याकडे कसं आलं, मुलांना त्यातून काय म्हणायचं होतं. मी त्यातलं काहीही केलं नाही. ओठ ताणून हसले आणि म्हणाले, "ही मीन्स ही वॉज व्हेरी स्ट्रिक्ट," आणि पुढच्या माणसाकडे वळले. पुढचा तासभर मी सरांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी एकदा प्रश्न विचारायला हात वर केला, तोही मला दिसला नाही असं मी दाखवलं.

हे लिहायला बरं वाटत नाही. पण लाज मला त्यांची वाटली नव्हती, माझी वाटली होती. साताऱ्याच्या आमच्या शाळेतही असे एक मास्तर होते, त्यांनाही मुलांनी हेच नाव ठेवलं होतं. आम्ही शिक्षक चहा पिताना म्हणायचो, शाळेत असा एक तरी हवाच, नाहीतर कार्टी डोक्यावर बसतील. आणि हसायचो. मी इतिहास शिकवत होते, तरी हसायचे. सर सरळ मनाचे, ते उघड बोलून गेले. मी जर्मन शिकले होते, इथे काय बोलू नये तेही शिकले होते, म्हणून वाचले.

आम्ही मैदानावर आलो. जर्मनमध्ये त्याला आपेलप्लात्स म्हणतात. मी मराठीत नेहमी हजेरीचं मैदान म्हणते. सकाळ-संध्याकाळ सगळ्या कैद्यांना इथे रांगांत उभं करून मोजत. आकडा जुळेपर्यंत कुणी हलायचं नाही, थंडी असो की ऊन. एक कमी भरला तर तो सापडेपर्यंत सगळे उभे. हे सांगून झाल्यावर मी थांबत असे. त्या दिवशी मी थांबले आणि डच बाई आपणहून बोलल्या. म्हणाल्या, "माझे वडील परत आल्यावर कधीही कुठल्या रांगेत उभे राहिले नाहीत. बेकरीत दोन माणसं पुढे असली, तरी ते पाव न घेता घरी यायचे. आम्हा मुलांना तेव्हा ते विक्षिप्त वाटायचे."

त्यांचं बोलणं संपलं आणि सरांनी पुन्हा हात वर केला. या वेळी मला दुर्लक्ष करता आलं नाही.

"किती वेळ उभं करत?" त्यांनी विचारलं.

"कधी तासभर. कधी दिवसभर."

"आणि एकानं केलं, तर सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

त्यांनी मान हलवली. गट पुढे संग्रहालयात गेला, तिथे लोक अर्धा तास आपापले हिंडतात. सर आत आले नाहीत. बाहेर येऊन पाहते तर ते मैदानाच्या कडेला बाकावर बसले होते, आणि ताठ माणूस वाकून बसला की जसा अचानक म्हातारा दिसतो तसे दिसत होते. मी शेजारी बसले. म्हटलं, "सर, मघाशी माझं चुकलं. मी तुम्हाला टाळलं."

त्यांनी ते ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. ते म्हणाले, "माधवीताई, ते नाव मला कधी पडलं, सांगू? प्रयोगशाळेतला मायक्रोस्कोप कुणीतरी फोडला. नवा होता, लोकवर्गणीतून आणलेला. कुणी कबूल होईना. मी आठवी ते दहावी, सगळ्या मुलामुलींना प्रार्थनेच्या मैदानावर उभं केलं. म्हटलं, नाव कळेपर्यंत कुणी हलायचं नाही. मार्च महिना. सकाळपासून मधल्या सुट्टीपर्यंत. नववीतली एक मुलगी चक्कर येऊन पडली, शैला नावाची. शिपायानं तिला उचलून नेली. मी बाकीच्यांना उभंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी संडासाच्या भिंतीवर खडूनं ते नाव लिहिलेलं होतं, माझ्या आडनावासकट."

"आणि तुम्ही?"

"मला गंमत वाटली हो. वचक बसला म्हणून बरंच वाटलं. निरोप समारंभात संस्थेच्या अध्यक्षांनी ते नाव स्टेजवरून घेतलं, टाळ्या पडल्या. मुलं बॅचच्या ग्रुपवर अजून वाढदिवसाला तेच लिहितात, पुढे हात जोडलेले." त्यांनी खिशाचं पेन काढून पुन्हा खिशाला लावलं. "मुलांनी ते कौतुकानं ठेवलं नव्हतं, ताई. त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. मला इतकी वर्षं वाचता आलं नाही."

 मी कधी नव्हे ती योग्य जागी गप्प बसले.

निघताना सर डच बाईंकडे गेले आणि इंग्रजीत माफी मागितली, थोडक्यात, स्पष्टीकरण न देता. बाईंनी ऐकून घेतलं, "थँक यू" म्हणाल्या आणि बसकडे गेल्या. कुणी कुणाला मिठी मारली नाही. पुष्कळ लोकांना या जागेहून काहीतरी गोड घेऊन घरी जायचं असतं. ते इथे मिळत नाही, आणि मिळू नये असंच माझं मत आहे.

परतीच्या रेगिओनालबानमध्ये, म्हणजे आमच्या पॅसेंजरमध्ये, इरा आमच्यापासून दूर, दाराजवळच्या सीटवर बसली. सर उठून तिच्यासमोर जाऊन बसले, आणि मला हातानं बोलावून घेतलं. म्हणाले, "तिचं जर्मन मला कळणार नाही. तुम्ही बसा."

इरा खिडकीबाहेर बघत भराभर बोलली. मी सांगत गेले. तिच्या वर्गात एका मुलानं तिला विचारलं होतं, की तुमच्या इंडियात त्या माणसाला लोक मानतात, हे खरं का? त्यानं कुठेतरी व्हिडिओ पाहिला होता. ती उठून भांडली होती. हे साफ खोटं आहे, माझे आजोबा हेडमास्तर आहेत, त्यांना विचार, असं सगळ्या वर्गासमोर म्हणाली होती. "आता मी काय सांगू?" हे शेवटचं मात्र ती मराठीत म्हणाली.

सर म्हणाले, "खरं ते सांग. सांग, की माझ्या आजोबांना माहीत होतं. पुस्तकात वाचलं होतं, शिकवलंही होतं. पण त्यांनी कधी विचार केला नाही." आणि मग त्यांनी तिला मायक्रोस्कोपची सगळी गोष्ट सांगितली, मला सांगितली होती तशीच, काही न गाळता.

इरानं ऐकून घेतलं. रडेल असं मला वाटलं होतं, पण ती रडली नाही. तिनं विचारलं, "उंड... आणि शैला? तिचं काय झालं?"

"घरी पाठवली असेल."

"असेल?"

"मी विचारलं नाही, बाळा."

"मग आधी विचारा," ती म्हणाली. "तोपर्यंत मला बोलायचं नाही तुमच्याशी." आणि तिनं कानात इअरफोन घातले.

मुलं असं बोलतात आणि संध्याकाळी विसरतात, असं मी सरांना म्हटलं. पण ही पोर आजोबांवर गेली होती. तीन आठवड्यांनी सर परत निघाले. निखिल सांगत होता, की एअरपोर्टवर तिनं वाकून नमस्कार केला, च्यूस, म्हणजे बाय, म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, विमानतळावर रडल्या.  मीही नंतर गटाला गोल उभं करून कोण-कुठून विचारणं बंद केलं. माणसानं आधी मैदान पाहावं आणि मग वाटलं तर बोलावं.

दोनएक महिन्यांनी सरांचा मला फोन आला. "रविवारी निखिलकडे जाल का? मला इराशी बोलायचंय. तिला सगळं नीट कळायला हवं. एखादा शब्द अडला, तर तुम्ही असाव्यात."

मी गेले. निखिल आणि त्याची बायको मुद्दाम बाहेर गेले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी इरा हाताची घडी घालून बसली होती. मला बघून म्हणाली, "ताई, ट्रान्सलेट नको. कळतं मला." फोन स्पीकरवर ठेवला होता.

सरांनी सांगितलं, की शैलाला शोधायला वेळ लागला. शाळेच्या रजिस्टरमध्ये माहेरचा पत्ता होता, तिथे आता कुणी राहत नाही. जुन्या शिपायाला तिचं सासर ठाऊक होतं. कऱ्हाडच्या पुढे एका गावी ती अंगणवाडी चालवते. सर एसटीनं गेले. तिनं ओळखलं, पाया पडली, पोरांना उभं करून "गुरुजी आलेत, नमस्ते म्हणा" म्हणाली. सर म्हणाले, त्यांना आधी बसू दे. पोरं बसल्यावर त्यांनी तिची माफी मागितली, तिथेच, पोरांसमोर.

"ती हसायला लागली," फोनमधून सरांचा आवाज आला. "म्हणाली, 'सर, चक्कर तर मला दर उन्हाळ्यात यायची. ते मी कधीच विसरले. त्याचं काही नाही.' मग चहा ठेवायला गेली. परत आली ती तशीच उभी राहिली, इरा. कप हातात. म्हणाली, 'सर, माझी थोरली बहीण दहावीच्या रांगेत होती. माझ्यापासून चार हातांवर. मी पडताना मला ती दिसत होती. ती हलली नाही, सर. आम्ही दोघी एका घरात वाढलो, एकमेकींची बाळंतपणं केली. पण त्या दिवसाबद्दल आम्ही अजून बोललेलो नाही.'"

 फोनमध्ये कुणाच्या तरी स्कूटरचा आवाज येऊन गेला.

"मला वाटलं होतं, मी एक मुलगी पाडली," ते म्हणाले. "मी काय पाडलं ते मला आता कळलं."

इरानं हाताची घडी सोडली. स्पीकर बंद केला, फोन उचलून कानाला लावला, आणि माझ्याकडे पाठ करून, तिच्या त्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "आजोबा, आता मी बोलते. तुम्ही ऐका."